येमेनमधील रोख मदत सेवा : इंदूरच्या पेन्शन-खिडकीवरून एक परीक्षण

गरिबांच्या हाती रोख रक्कम देणारी कोणतीही सेवा तपासताना तिची यादी आधी पाहावी, हे मला बँकेच्या नोकरीत, इंदूरमध्ये वृद्ध आणि विधवा पेन्शनचे वाटप करताना पटले. रामबाग आणि नारायणबाग भागातील कितीतरी म्हाताऱ्या बायका त्या खिडकीशी येत असत, आणि त्यांच्या अडचणी गरिबीइतक्याच कागदांच्याही असत. त्याच नजरेने मी येमेनमधील आपत्कालीन रोख हस्तांतरण प्रकल्पाची उपलब्ध माहिती वाचली. ऑगस्ट २०१७ मध्ये जागतिक बँकेच्या निधीतून आणि युनिसेफच्या व्यवस्थापनाखाली सुरू झालेली ही सेवा, युद्ध चालू असलेल्या देशात चालवलेल्या वाटपांपैकी मला सर्वांत विचारपूर्वक बांधलेली वाटते. तिच्यात एक मोठा अन्यायही आहे, आणि तो तिच्या सर्वांत मोठ्या गुणातूनच निर्माण झाला आहे.

येमेनमध्ये १९९६ साली, आर्थिक सुधारणांच्या नावाखाली अनुदाने कमी होऊ लागली तेव्हा, गरीब कुटुंबांना आधार म्हणून सामाजिक कल्याण निधी स्थापन झाला. २०१४ पर्यंत त्याच्या यादीत सुमारे १५ लाख कुटुंबे होती. सप्टेंबर २०१४ मध्ये हूथी या बंडखोर गटाने राजधानी साना ताब्यात घेतली, मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले, आणि ज्या वेळी आधाराची गरज सर्वाधिक होती नेमक्या त्याच वेळी निधीचे हप्ते थांबले. दोन वर्षांहून अधिक काळ ही कुटुंबे पैशांवाचून राहिली.

नव्या प्रकल्पाने नवे सर्वेक्षण न करता २०१४ ची जुनी यादी जशीच्या तशी स्वीकारली. हा निर्णय घाईचा वाटू शकतो, पण वाटपाचे काम केलेल्या माणसाला त्यातील शहाणपण लगेच कळते. युद्धात नवी यादी करायला घेतली की प्रत्येक सशस्त्र गट आपली माणसे घुसवू पाहतो. जुनी यादी युद्धाच्या आधीची असल्यामुळे तिच्यात सानामधील हूथी किंवा दक्षिणेतील एडन शहरातून चालणारे आंतरराष्ट्रीय मान्यतेचे सरकार यांपैकी कोणत्याही सत्तेला नावे भरता आली नव्हती, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंच्या प्रदेशांत वाटप होऊ शकले. सुमारे ९० लाख माणसे, म्हणजे लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा, या एका यादीतून मदतीच्या कक्षेत आला. धान्यवाटपात याच्या उलट अनुभव आला : लाभार्थ्यांची बोटांच्या ठशांसह नोंदणी करण्यावरून आणि धान्य भलतीकडे वळवले जात असल्यावरून वाद झाला, आणि जून २०१९ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाला सानामधील वाटप अंशतः थांबवावे लागले.

प्रत्यक्ष खिडकीवरचे काम मला विशेष आवडले. हप्ता येण्याआधी गावोगाव माहिती दिली जाते, लाभार्थी ओळखपत्र घेऊन वाटप केंद्रावर येतो, यादीशी त्याची ओळख पडताळली जाते आणि रक्कम रोख हातात दिली जाते. ती पिठावर खर्च करावी की औषधावर, याबद्दल कोणतीही अट नाही. आजारी, अपंग किंवा अतिवृद्ध लाभार्थ्यांकडे फिरती पथके स्वतः जातात. तक्रारीसाठी दूरध्वनीची सोय आहे, आणि वाटप नीट झाले की नाही हे पैसे वाटणाऱ्यांपेक्षा वेगळी, त्रयस्थ संस्था तपासते. आपल्याकडे नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या पायऱ्या चढणारे वृद्ध ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या फिरत्या पथकांची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. कष्टाने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून एखादी आजी पैसे न घेता परत जाते, तेव्हा तिने तक्रार कोणाकडे करावी हे अनेकदा खिडकीवरच्या कर्मचाऱ्यालाही ठाऊक नसते. सुरक्षित शहरांतही जे नीट जमत नाही ते बॉम्बहल्ल्यांच्या छायेत करून दाखवणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

रकमेबाबत मात्र समाधान मानता येत नाही. जुन्या निधीत मोठ्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त ६००० रियाल मिळत, आणि नव्या प्रकल्पाचे सुरुवातीचे हप्ते त्याच दराने, तीन-तीन महिन्यांचे एकत्र, दिले गेले. युद्धापूर्वी एका डॉलरला सुमारे २१५ रियाल पडत, त्यामुळे ही रक्कम २८ डॉलरच्या आसपास होती. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये मध्यवर्ती बँकेचे मुख्यालय सानाहून एडनला हलवण्याचा निर्णय झाला, चलन दोन भागांत विभागले गेले, आणि एडनच्या बाजूला २०२१ मध्ये एका डॉलरला १००० हून अधिक रियाल मोजावे लागू लागले. जो देश आपल्या गव्हाचा सुमारे ९० टक्के भाग आयात करतो, तिथे रियालची घसरण सरळ भाकरीच्या किमतीत उतरते. महागाईशी न जोडलेली मदत दर वर्षी न बोलता कापली जाते. मध्य प्रदेशात महिना ६०० रुपयांच्या सामाजिक सुरक्षा पेन्शनवर घर चालवणारी माणसे हे रोज भोगतात.

तरीही माझा मुख्य आक्षेप यादीवरच आहे. गोठवलेल्या यादीत २०१४ नंतर गरीब झालेला माणूस येतच नाही. २०१६ पासून सुमारे १२ लाख सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार अडले किंवा तुटक मिळू लागले. त्यांत शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत, आणि युद्धापूर्वी पगार असल्यामुळेच त्यांची नावे त्या यादीत असण्याचे कारण नव्हते. चाळीस लाखांहून अधिक माणसे देशातल्या देशात विस्थापित झाली, आणि मुहम्मशीन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पिढ्यानपिढ्या वस्तीबाहेर ढकललेल्या समाजातील अनेकांकडे ओळखपत्रच नाही. आमच्या राज्यात स्त्रियांना दरमहा रोख रक्कम देणाऱ्या लाडली बहना योजनेची नोंदणी २०२३ मधील दोन फेऱ्यांनंतर बंद झाली, तेव्हा त्या तारखेनंतर पात्र ठरणाऱ्या स्त्रिया बाहेर राहिल्या. पण इथे घरात निदान दुसरे उत्पन्न आणि शिधापत्रिकेचे धान्य असण्याची शक्यता तरी असते.

अशा सेवेची शिफारस मी दुसऱ्या युद्धग्रस्त देशांसाठी अवश्य करीन. शांततेच्या काळात केलेली यादी आणि तिच्या मागची कर्मचाऱ्यांची यंत्रणा शाबूत असेल, तरच ती इतक्या लवकर उभी राहू शकते. येमेनमध्ये मात्र रक्कम वाढवण्याच्याही आधी नवी नोंदणी उघडली पाहिजे : विस्थापितांच्या छावण्यांपासून आणि पगार अडलेल्या शिक्षकांच्या कुटुंबांपासून सुरुवात करून, आणि प्रत्येक वाटप केंद्रावर रोकड मोजणाऱ्याच्या शेजारीच ओळखपत्र बनवून देणारा कर्मचारी बसवून.