घरच्या स्विमिंग पूलला कुंपण, जाळी, कव्हर की अलार्म?

माझ्या भावाने अलिबागजवळ बंगला बांधला तेव्हा पूलची खोली, टाइल्सचा रंग आणि पाण्यातले दिवे यांवर महिनाभर चर्चा चालली होती. कुंपणाचा विषय "बागेची शोभा जाईल" एवढ्यावर संपला. त्याची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. पुढच्या मे महिन्यात घरात अकरा माणसं असताना ती पडवीची पायरी उतरून पूलच्या काठापर्यंत गेली. वहिनी वाळत घातलेले टॉवेल काढायला बाहेर आली म्हणून तिला ती दिसली. पोरीला काही झालं नाही. पण ती दुसऱ्या कुणाजवळ आहे असं अकराही जणांना वाटत होतं.

जगात दरवर्षी सुमारे 3 लाख माणसं बुडून जातात आणि त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बुडणारं लहान मूल सहसा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की श्वासच घेता येत नाही, मग हाक कशी मारणार? म्हणून "आवाज येईल की" या भरवशावर राहू नका. कुठलाही पर्याय निवडताना मी एकच प्रश्न विचारते: घरातले सगळे विसरतील त्या दिवशी ही वस्तू काय करेल?

कुंपण या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उतरतं, कारण ते रोज कुणी लावायचं नसतं. पण कुंपण म्हणजे बंगल्याची कंपाउंड वॉल नव्हे. ती चोराला बाहेर ठेवते, आपलं मूल तर आतच असतं. पूलच्या चारही बाजूंनी वेगळं कुंपण हवं. आपल्याकडे तीन बाजूंना रेलिंग आणि चौथ्या बाजूला घराची भिंत असं करतात, आणि हॉलचा सरकता दरवाजा थेट पूलवर उघडतो. मूल नेमकं त्याच दाराने बाहेर पडतं. उंची किमान चार फूट ठेवा, शक्य असेल तर पाच. गज उभे असावेत, आडव्या पट्ट्या म्हणजे पोरांना आयती शिडी. दोन गजांमधली आणि खालची फट चार इंचांहून कमी हवी. कुंपणालगत कुंड्या, खुर्च्या, झोपाळा ठेवू नका, तीनेक फूट जागा मोकळी सोडा.

खरी परीक्षा फाटकाची असते. ते बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाण्यापासून दूर उघडावं, सोडलं की आपोआप मिटावं आणि कडीही आपोआप लागावी. कडी साडेचार फुटांवर. समुद्रकाठी साधं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं आणि बिजागरीची स्प्रिंग ढिली पडते, म्हणून 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, इथे पैसे वाचवू नका. पार्टीच्या दिवशी ताटं नेता यावीत म्हणून कुणीतरी फाटकाला वीट लावून ठेवतं. असं करायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं. शोभेची काळजी असेल तर टफन्ड काचेचं कुंपण मिळतं, महाग पण सुंदर. फरशीत भोकं पाडून खांब रोवायचं, हवं तेव्हा काढता येणारं कापडी जाळीचं कुंपणही चालतं. मात्र ते काढून ठेवलं तर त्याचा उपयोग शून्य.

आडवी जाळी पूलवरून ताणून काठावरच्या हुकांना अडकवतात. कोकणातल्या पावसाला ती बरी, पाणी आरपार जातं आणि वर डबकं साचत नाही. पण ती घट्ट ताणलेली हवी, मुलाच्या वजनाने पाण्याला टेकणारी जाळी काही कामाची नाही. शिवाय ती लावायला-काढायला दोन माणसं आणि वेळ लागतो. म्हणून शनिवारी सकाळी निघालेली जाळी रविवारी संध्याकाळीच परत लागते, आणि मधली अख्खी रात्र पूल उघडा राहतो. बंगला महिनोन्‌महिने बंद असेल किंवा कुंपणाच्या जोडीला लावायची असेल तरच जाळी घ्या.

कव्हरच्या बाबतीत सगळ्यात मोठी गल्लत होते. पाणी गरम राहावं म्हणून पसरतात ती बुडबुड्यांची प्लास्टिक शीट सुरक्षेसाठी नसतेच, उलट ती धोका वाढवते. मुलाने तिच्यावर पाय दिला की शीट खाली दबते, मूल तिच्यात गुरफटतं आणि वरून काहीच दिसत नाही. सुरक्षेचं कव्हर वेगळं असतं, अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे त्याला सुमारे 220 किलो वजन पेलावं लागतं. मोटारीवर चालणारं घेतलं तर काम झटपट होतं, पण वीज गेली की ते अर्ध्यावर अडकू शकतं. पावसाळ्यात त्यावर साचलेलं पाणी पंपाने उपसावं लागतं. इंच-दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून हे काम "उद्या बघू" म्हणण्यासारखं नाही. कोकणात मी कव्हरवर विसंबणार नाही.

अलार्मबद्दल थोडक्यात सांगते. पाण्यावर बसवायचा अलार्म मूल पडल्यावर वाजतो, पडण्याआधी नाही. जोराच्या वाऱ्यापावसात तो उगाच वाजू लागला की कुणीतरी बंद करून ठेवतं. फ्रान्सच्या 2003 च्या कायद्यात कुंपण, अलार्म, कव्हर किंवा पूर्ण झाकणारी शेड यांपैकी एक पुरतं. ऑस्ट्रेलियात मात्र पूलभोवती कुंपण लागतंच. मला ऑस्ट्रेलियाचं पटतं. पूलच्या बाजूला उघडणाऱ्या दाराला साधा अलार्म मात्र जरूर बसवा, कुंपणाच्या जोडीला.

तळाच्या ड्रेनमधून पंप पाणी ओढत असतो. त्या ड्रेनवरची जाळी फुटली असेल तर पंप बंद करा आणि ती बदलेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. त्या ओढीत केस किंवा हात अडकला तर पोहता येणाराही सुटत नाही. पंप आणि दिव्यांच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, हवाच, पाण्यातले दिवे 12 व्होल्टचे.

लहान मुलं कायम राहत असतील तर चार बाजूंचं कुंपण आणि दाराचा अलार्म. वीकेंडचं घर असेल तर कुंपण, आणि बंद काळात वर जाळीसुद्धा, कारण आठवडाभर तिथे केअरटेकरचं कुटुंब राहतं आणि तो पूल त्याच्या मुलांच्या अंगणात असतो. हे आपल्या हिशेबातून नेहमी सुटतं. बंगला भाड्याने देणार असाल तर जाळी-कव्हरचा विचारच सोडा, पाहुणे ती कधीच परत लावणार नाहीत. गच्चीवरच्या रबरी टबला यातलं काही नको, खेळून झालं की पाणी ओतून तो पालथा घालायचा.

मुलं पाण्यात असताना मात्र कुंपणाचा उपयोग नाही. तिथे फोन बाजूला ठेवून बसलेलं एक मोठं माणूस लागतं. उठताना त्याने "आता तू बघ" असं मोठ्याने सांगायचं आणि समोरून "हो" आल्याशिवाय हलायचं नाही. बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर 112 किंवा 108 ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा आणि आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा. उलटं धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. घरातल्या दोघांनी तरी हे प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

भावाने त्याच पावसाळ्याआधी पाच फुटी कुंपण घातलं. मुलगी आता सहा वर्षांची आहे. गेल्या सुट्टीत चवड्यांवर उभी राहिल्यावर तिचा हात कडीला लागला. त्याच संध्याकाळी भावाने फाटकाला कुलूप घातलं. किल्ली वहिनीच्या गळ्यात असते.