लाल दिवा बॅटरीचा, बिघाड डायनॅमोचा, बिल दोन्हींचं

बॅटरी 35 एएच (अँपिअर-तास, वीज साठवण्याचं माप), 4,800. नवीन डायनॅमो, 8,500. वायरिंग काम, 700. मजुरी, 1,200. एकूण 15,200 रुपये. वहीच्या फाडलेल्या पानावरचं हे बिल, ना शिक्का ना जीएसटी नंबर. गणपतीच्या गर्दीत, रात्रीच्या पावसात, मुंबई-गोवा महामार्गावर महाड ते चिपळूणच्या दरम्यान बंद पडलेल्या एका पेट्रोल हॅचबॅकचं. गाडीतला खरा बिघाड एवढाच होता, की डायनॅमोतले कार्बन (वीज पोचवणारे, घासत राहणारे छोटे ठोकळे) झिजले होते. कार्बनची जोडी शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि हात बसलेला इलेक्ट्रिशियन ती तासा-दीड तासात बदलून देतो. (आताच्या गाडीत असतो तो अल्टरनेटर, इंजिनच्या जोरावर फिरून वीज तयार करणारा, पण गॅरेजमध्ये सगळे डायनॅमोच म्हणतात. इथेही तेच.)

या फसवणुकीचं मूळ डॅशबोर्डवरच्या चित्रात आहे. लाल दिव्यावर बॅटरी काढलेली असते, म्हणून दिवा लागला की माणूस समजतो, बॅटरी गेली. दिवा सांगत असतो की चार्जिंग होत नाही. इंजिन एकदा सुरू झालं की बॅटरीचं काम जवळपास संपतं. पुढची सगळी वीज डायनॅमो देतो. तो थांबला की गाडी बॅटरी खायला लागते. आधी वायपर मंदावतात, मग हेडलाइट पिवळे पडतात, स्टेअरिंग इलेक्ट्रिक असेल तर जड होतं, शेवटी इंजिन आचके देत बंद पडतं. चावी फिरवली की सेल्फची नुसती टकटक. त्या क्षणी बॅटरी खरोखरच उतरलेली असते, त्यामुळे ‘साहेब, बॅटरी डेड आहे’ हे वाक्य खोटंही वाटत नाही. ती रिकामी झालेली असते, खराब नव्हे. या गाडीची बॅटरी आठ महिन्यांची होती. चार्जरवर आठ-दहा तास ठेवली असती तर पुन्हा उभी राहिली असती.

पुढचा खेळ ‘टेस्टिंग’चा. दुकानाच्या माणसाने जंपर केबल लावून गाडी सुरू केली, केबल काढली आणि इंजिन चालू असतानाच बॅटरीची एक टर्मिनल उचलली. इंजिन बंद! ‘बघा, बॅटरीत जीव नाही.’ हे नीट बघण्यासारखं आहे, कारण निष्कर्ष बरोब्बर उलटा आहे. डायनॅमो धड असता तर टर्मिनल काढल्यावरही इंजिन निदान थोडा वेळ तरी चाललं असतं. ते जागीच बंद पडलं, म्हणजे दोषी डायनॅमो. शिवाय ही तपासणी हल्लीच्या गाडीवर करूच नये. डायनॅमो चांगला असेल तर टर्मिनल सुटताक्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड किंवा ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) जळू शकतो. चालत्या इंजिनवर कुणी टर्मिनलला पाना लावला तर त्याला तिथेच थांबवावं.

नवी बॅटरी बसली, गाडी सुरू झाली, दिवाही विझला. तो विझवलेला होता. काही गाड्यांत डायनॅमोच्या मागच्या सॉकेटमधली दिव्याची बारीक वायर सोडवली की लाल दिवा लागतच नाही. चार्जिंग मात्र शून्यच राहतं. हे पकडायला मीटर लागत नाही. चावी ऑन करायची, इंजिन सुरू करायचं नाही. लाल दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. आधी लागलाच नाही, तर बहुतेक कुणीतरी वायरला हात लावला आहे.

नव्या बॅटरीवर गाडी तासभरही गेली नाही, कारण आता लाइट, वायपर, ब्लोअर सगळं तिच्याच जिवावर होतं. तेव्हा त्याच दुकानाचा माणूस मोटारसायकलवरून आला आणि ‘आता डायनॅमो पण गेला’ म्हणाला. वर ‘शॉर्ट होतं’ म्हणून वायरिंगचे 700. सोडलेली वायर परत जोडली, ते हे वायरिंग काम.

‘नवीन’ डायनॅमो नंतर बाकावर उघडला गेला. बाहेरून चंदेरी स्प्रे, आणि तो रंग प्लॅस्टिकच्या सॉकेटवर आणि बोल्टच्या खाचांतही उतरलेला. कंपनीतून आलेल्या नगावर रंग मारलेला नसतो, अ‍ॅल्युमिनियम उघडंच असतं. व्होल्ट, अँपिअर आणि पार्ट नंबर लिहिलेला स्टिकर किंवा कोरलेली पाटी असते. इथे स्टिकरच्या जागी नुसता डिंकाचा चौकोन. आत कार्बन कोरे, पण ते ज्या तांब्याच्या कड्यांवर घासतात त्यांवर नखाला लागेल एवढी चर. डायोड प्लेट जुनी, बेअरिंगही जुनं. म्हणजे गिऱ्हाइकाचाच डायनॅमो काढला, आत नेला, कार्बन घातले, रंगवला आणि परत बसवला. नवीन म्हणून विकत घेताना जुना नग हातात मागावा. तो ‘नाही मिळत’ म्हटलं की समजायचं.

सगळेच असे नसतात हेही सांगायला हवं. घाटाखालच्या टपरीत बसून कार्बन घासून बसवणारे आणि तेवढेच पैसे घेणारे हात या रस्त्यावर भरपूर आहेत. पण रात्री, पावसात, गाडीत लहान मूल असताना कोण भेटेल ते आपल्या हातात नसतं. हातात एवढंच असतं, की दिवा लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचा वेळ वाया घालवायचा नाही.

दिवा लागला की पहिली नजर तापमानाच्या काट्यावर. बेल्ट तुटला असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवरचा वॉटर पंपही थांबतो. काटा चढला की ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद, नाहीतर हेड गॅस्केटचा खर्च येतो. काटा जागेवर असेल तर इंजिन बंद करू नका, सेल्फ एका दमात बरीच वीज ओढतो. एसी, ब्लोअर, म्युझिक, मोबाइलचा चार्जर बंद. दोन हॅलोजन हेडलाइट मिळून नऊ-एक अँपिअर खातात. चांगली भरलेली 35 एएच बॅटरी दिवसा, सगळं बंद ठेवून, साधारण दीड तास नेते. रात्री लाइट आणि वायपरसह पाऊण तास मिळाला तर नशीब. तेवढ्यात मोठं गाव किंवा उजेडाचा पेट्रोल पंप गाठायचा. पाऊण तासात घाट पार होणार नसेल तर घाटात शिरू नये. उतारावर इंजिन बंद पडलं की ब्रेकही दगडासारखा होतो.

कार्बन झिजल्याची खूण म्हणजे दिवा आधी काही दिवस मिणमिणतो, खड्ड्यात लागतो, पुढे विझतो. डायनॅमोच्या मागच्या भागावर पान्याच्या दांड्याने हलके ठोकलं की कार्बन टेकतात आणि काही किलोमीटर चार्जिंग होतं. चालत्या बेल्टजवळ हात जाणार असेल तर नादी लागू नये. आणि कुणी असं ठोकून ‘रिपेअर झालं’ म्हणाला तर त्याचे पैसे देऊ नयेत.

दोन-तीनशेचा मल्टिमीटर डिकीत असेल तर बोलणंच वेगळं होतं. इंजिन बंद असताना 12.4 व्होल्टच्या वर म्हणजे बॅटरी ठीक. इंजिन चालू, थोडं रेस करून 13.8 ते 14.5 म्हणजे चार्जिंग ठीक. लाइट आणि ब्लोअर लावल्यावरही आकडा 13 च्या खाली यायला नको. चालू इंजिनवरही 12 च्या आसपास राहून हळूहळू उतरत असेल तर डायनॅमो, बेल्ट किंवा मधली वायर. काही बीएस-6 गाड्या स्वतःहून चार्जिंग कमी करतात. तिथे लाइट लावल्यावर आकडा चढतो का ते बघायचं. 15 च्या वरच राहिला तर बहुतेक व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, त्याने नवी बॅटरीही उकळेल. बेल्ट ढिला आहे का, डायनॅमोच्या जाड वायरचा नट आणि बॅटरीची टर्मिनल घट्ट आहेत का, हे आधी बघावं. कितीतरी ‘गेलेले’ डायनॅमो तिथेच बरे होतात.

मदतीसाठी राष्ट्रीय महामार्गावर 1033, किंवा विम्याच्या पॉलिसीवर छापलेला रोडसाइड असिस्टन्सचा नंबर. खांबावर चिकटवलेला नको. कुणी बॉनेटला हात लावण्याआधी बॅटरीवरचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढून ठेवावा. बॅटरी बदलायचीच असेल तर नव्या बॅटरीचा नंबर वॉरंटी कार्डावर लिहून घ्यावा आणि जुनीची किंमत बिलात वजा दिसली पाहिजे. वरच्या बिलात ती कुठेच नाही. आठ महिन्यांची, वॉरंटीतली बॅटरी फुकट गेली आणि बहुतेक चार्ज होऊन पुढच्या कुणाला ‘नवीन’ म्हणून विकली गेली. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, पण त्या कागदावर दुकानाचं नावच नव्हतं. उरला फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट, आणि पैसे गेले होते ते दुकानाच्या खात्यावर नव्हे, कुणा एका माणसाच्या.