फिट थांबवायचा नाकातला स्प्रे: औषध चोख, मोजणी डोकेदुखी

नातू चार वर्षांचा, वजन पंधरा किलो. फिट येऊ नये म्हणून लेवेटिरासिटामचं सिरप रोज दोन वेळा चालू आहे, त्याची काही तक्रार नाही. इथं लिहितोय ते मिडाझोलामच्या नेझल स्प्रेबद्दल. आलेली फिट पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल, तर तो द्यायचा.

आधी गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम होतं. घरात ठीक. पण रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यापाशी आकडी आली, तर एवढ्या गर्दीत पोराची चड्डी उतरवायची? सूनबाई त्या धास्तीनं त्याला बाहेरच काढत नव्हती. आता पोराला कुशीवर वळवायचं, दातखीळ उघडायच्या नादी लागायचं नाही, पाणी पाजायचं नाही, नाकात फवारे मारायचे. आमच्या गल्लीत अजून कांदा आणि पायताण घेऊन पळत येणारे आहेत. पायताण हुंगवून आकडी थांबत असती, तर कोल्हापुरात या रोगाचा पेशंटच उरला नसता!

घरी एकदा वापरायची वेळ आली. काही मिनिटांत झटके थांबले, मग पोरगं गाढ झोपलं. झोप येणारच, श्वास नीट चाललाय का, हे बघत जवळ बसायचं. फिट थांबली नाही किंवा श्वास अडखळला, तर सरळ १०८.

आता दोष. आमच्या बाटलीतून एका दाबाला अर्धा मिलिग्रॅम निघतो. डॉक्टरांनी वजनाच्या हिशेबानं तीन मिलिग्रॅम लिहून दिलेत, म्हणजे सहा फवारे, दोन्ही नाकपुड्यांत तीन-तीन. घरात रडारड चालू असताना हे मोजायचं! मी एसटीत कंडक्टर होतो, मोठ्यानं मोजायची सवय कामी आली. एका दाबाला जास्त औषध निघणारी बाटलीही मिळते, तिचे फवारे कमी मारायचे. म्हणून दुकानदारानं 'तेच आहे' म्हटलं तरी बाटलीवरचा आकडा बघितल्याशिवाय घेऊ नका. नवीन बाटलीचे पहिले काही दाब हवेत मारून पंप चालू करावा लागतो, हेही खोक्यावर मुंगीएवढ्या इंग्रजीत. मराठीत एक ओळ छापायला काय जातं?

चिठ्ठीशिवाय मिळत नाही, ते बरोबरच आहे. राजारामपुरीत एक-दोन दुकानांत नव्हता, मागवून घ्यावा लागला. संपायची वाट बघू नका. बालवाडीतल्या बाईंकडे वेगळी बाटली दिलीय, डॉक्टरांची चिठ्ठी त्यावरच रबरानं बांधून.

पाचपैकी चार.