पानं पांढरी आली, तेव्हा कळलं: अतिनील फोटोंसाठी दोन काचांची जोडी

आधी एक गोंधळ दूर करते. लेन्सच्या रक्षणासाठी सगळीकडे विकला जाणारा ‘यूव्ही फिल्टर’ अतिनील किरण अडवतो. आपल्याला हवा आहे तो नेमका उलटा: अतिनील सोडणारा आणि बाकी सगळं अडवणारा. दिसायला तो जवळजवळ काळाच असतो.

माझा पहिला फिल्टर असाच काळा होता, एकाच काचेचा. विकणाऱ्याने दिलेल्या आलेखात (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती जातो ते दाखवणाऱ्या) ३६५ नॅनोमीटरपाशी, म्हणजे अतिनीलात, उंच टेकडी होती आणि आलेख ४०० ला, अतिनील संपतं तिथेच, संपत होता. पुढे काय आहे, हे मी विचारलंच नाही. पहिल्याच उन्हात सूर्यफूल टिपलं. एफ/८, आयएसओ ८०० आणि एक्स्पोजर फक्त १/१५ सेकंद. फोटो स्वच्छ, फूल सुंदर, पण मागची पानं बर्फासारखी पांढरी! हिरवी पानं अतिनील प्रकाशात काळपट दिसतात. अशी लख्ख उजळतात ती अवरक्त प्रकाशात. मी आनंदाने काढलेले शंभरेक फोटो अवरक्तचे निघाले. त्या दिवशी मला खरंच खूप वाईट वाटलं.

कारण साधं आहे. अतिनील सोडणाऱ्या बहुतेक रंगीत काचा ७०० नॅनोमीटरच्या आसपास पुन्हा थोड्या उघडतात. सेन्सरपुढचा मूळ फिल्टर काढून पूर्ण वर्णपटासाठी बदलून घेतलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर अवरक्तला फार संवेदनशील असतो आणि अतिनीलला फारच कमी. त्यात बरंचसं अतिनील लेन्सच गिळते. त्यामुळे एखाद्या टक्क्याची गळतीही खऱ्या चित्राला बुडवते. आता मी आलेख बघते तो ६५० ते १००० या पट्ट्यातला, टेकडी नंतर.

सध्या वापरते ती जोडी अशी: होया कंपनीची यू-३४० आणि शॉट कंपनीची एस८६१२ ही काच, दोन्ही २ मिलिमीटर जाड. पहिली काळी, अतिनील सोडणारी. दुसरी फिकट निळसर-हिरवी, तिचं काम फक्त अवरक्त अडवण्याचं. तेच सूर्यफूल, तेच आकडे, पण एक्स्पोजर आता २ सेकंद. वारा असला की पाकळी हलते आणि फोटो जातो, म्हणून पहाटेनंतरचा शांत तास गाठावा लागतो. पण पानं काळी आली! पाकळ्यांची टोकं फिकट, बुडं गडद, आणि मधल्या चकतीभोवती ते काळं कडं, जे मधमाशीला दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. मी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे किती वेळ बघत बसले होते, सांगता येत नाही.

नवा फिल्टर कोणताही असो, ही परीक्षा घ्याच. फिल्टरच्या पुढे ७२० नॅनोमीटरचा, फक्त अवरक्त सोडणारा फिल्टर लावायचा आणि नेहमीचंच एक्स्पोजर द्यायचं. फोटो काळाकुट्ट यायला हवा. चित्र उमटलं, तर ती गळतीच. माझ्या जुन्या फिल्टरने या परीक्षेत अख्खी बाग दाखवली. या जोडीने ३० सेकंदांतही काही दाखवलं नाही.

आता बसवण्याचं. माझी लेन्स एन्लार्जरची (डार्करूममध्ये फोटो मोठे करण्याच्या यंत्राची) जुनी धातूची एल-निक्कोर ८० मिमी एफ/५.६ आहे, हिच्यातून अतिनील बऱ्यापैकी जातं. तिचे पुढचे आटे ३४.५ मिलिमीटरचे, म्हणून ३४.५ ते ५२ ची स्टेप-अप रिंग (लहान आट्यावर मोठा फिल्टर बसवणारी), आणि त्यावर ५२ च्या दोन्ही काचा. आटे बारीक असतात. आधी रिंग हलक्या हाताने उलटी फिरवायची. आटा खाली बसल्याचा टक जाणवला की मगच सुलटी. आवळायची नाही. दोन रिंगा एकमेकींत अडकल्या, तर रुंद रबरबँड गुंडाळून पिळायच्या, पक्कड लावायची नाही. रिंगमधली काच खुळखुळत असेल, तर तिला धरणारी आतली कडी हळूच घट्ट करायची. मोकळ्या काचेचे कंगोरे झिजतात.

अतिनीलचा फोकस डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या फोकसशी जुळत नाही. म्हणून फिल्टर लावूनच, लाइव्ह व्ह्यू मोठा करून, भर उन्हात फोकस करते. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च वापरायचा तर अतिनील रोखणारा चष्मा हवाच, आणि या फिल्टरमधून सूर्याकडे कधीही बघायचं नाही. व्हाइट बॅलन्स टेफ्लॉनच्या पांढऱ्या तुकड्यावर घेते. त्याशिवाय सगळं जांभळट दिसतं.

जोडीची एक उणीव मान्य करायला हवी. दोन समांतर काचा म्हणजे चार पृष्ठभाग, त्यामुळे सूर्य चौकटीजवळ आला की फिकट भूत, म्हणजे प्रकाशाची जादा प्रतिमा, उमटतं. लेन्सच्या हुडने ते बरंच कमी होतं. पातळ थरांचा विलेप दिलेले एकाच काचेचे फिल्टरही असतात, पण त्यांच्यावर किरण तिरपे पडले की सोडायचा पट्टाच सरकतो. वाइड लेन्सला कडा वेगळ्या रंगाच्या येतात. तिथे मी ही जोडीच घेईन.

अशा काचांना दमट हवा सोसत नाही. पृष्ठभागावर धुरकट थर धरतो. घरी आले की दोन्ही सोडवते, कोरड्या कापडाने पुसते आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवते. महिन्यातून एकदा दिव्यासमोर तिरपी धरून थर आलाय का, ते बघते.