मोठी टूरर सोडून एक्सपल्स २०० ४व्ही : काय मिळतं, काय बदलावं लागतं

बीएमडब्ल्यू आर १२५० जीएससारखी लांब पल्ल्याची मोठी मोटरसायकल (टूरर) चालवलेल्या माणसाने हीरो एक्सपल्स २०० ४व्ही घेताना पॉवरचे आकडे आधी बाजूला ठेवावेत. १३६ पीएसवरून १९ वर येणं खटकणारच. पण वजन बघा. जीएस २४९ किलो, एक्सपल्स १५९. म्हणजे सिमेंटच्या जवळजवळ दोन गोण्या उतरल्या. उताराकडे तोंड करून लावलेली गाडी एकट्याने मागे ओढता येते. चिखलात आडवी झाली तर कुणाची वाट न बघता उभी करता येते. आमच्या मते ही गाडी घ्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर तशीही दुचाकीला बंदी आहे. जुन्या हायवेला, ताम्हिणीला ८०-८५ पुरतात आणि तेवढ्यावर ही दिवसभर चालते. नव्वदीच्या पुढे हँडल आणि फूटपेग झिणझिणतात, गिअर पाचच असल्याने इंजिन ओरडत राहतं. ज्यांना शंभरीच लागते त्यांनी सहा गिअरची, लिक्विड कूल्ड एक्सपल्स २१० बघावी.

ओव्हरटेकची सवय मोडावी लागते. मोठ्या गाडीला टॉप गिअरमध्येच पीळ दिला की काम होतं. इथे कमाल टॉर्क (इंजिनची ओढ) १७.३५ एनएम, तोही ६५०० आरपीएमला. म्हणून ट्रकच्या मागे असतानाच एक-दोन गिअर खाली घ्या, इंजिन फिरतं करा, मगच बाहेर निघा. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे. ओल्या उतारावर मागचा ब्रेक दाबून धरलात तर चाक लॉक होऊन शेपूट घसरते.

जीएसमध्ये मागचं चाक चेनऐवजी शाफ्टने (दांड्याने) फिरतं, त्यामुळे शाफ्टवाल्यांना चेन नवी असते. दर ५०० किमीला, आणि पावसात भिजल्यावर त्याच संध्याकाळी, गरम चेन पुसून आतल्या बाजूने नव्वद नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब लावा. ढिलाई चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघा आणि चेन सर्वांत घट्ट असेल तिथे मोजा. सैल जागी मोजून ताणली तर घट्ट जागी ती बेअरिंगवर ओढ देते. स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात.

खरी डोकेदुखी पंक्चरची. तारांची चाकं, टायर ट्यूबवाले. पुढे २१ इंची, मागे १८. जागा नसेल तर २१ ची एकच ट्यूब बाळगा. अडीअडचणीला ती मागेही बसते, १८ ची पुढे बसत नाही. टायर चढवताना शेवटची कड व्हॉल्व्हजवळ आणा आणि समोरची कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवा. ती वर राहिली तर टायर चढत नाही, मग लोक लिव्हरला (टायर चढवायच्या पट्टीला) जोर लावतात आणि नवी ट्यूब तिथेच चिमटून फाटते. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरली की ती लिव्हरखाली येत नाही.

जुन्या गाडीचे ॲल्युमिनियमचे पॅनिअर (बाजूला लावायच्या पेट्या) इकडे लावू नका. कापडी सॅडलबॅग घ्या, जड सामान खाली आणि पुढे ठेवा. मागच्या कॅरिअरवर वजन चढलं की पुढचं चाक हलकं होऊन वळणावर गाडी बाहेर पळते. मागे कुणी बसणार असेल तर मोनोशॉकचा (मागच्या शॉकअपचा) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, आधी वाढवा.

टाकी १३ लिटरची, ॲव्हरेज ३५ ते ४०. चारशे किमीला पेट्रोल पंप शोधावा लागत नाही. सीट ८२५ मिमी उंच पण अरुंद, फोम कडक. दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेच लागतात, त्यामुळे लांबच्या प्रवासासाठी सीटवर जाड कव्हर पहिल्याच आठवड्यात टाकून घ्या.