ओकायामाच्या तीन आठवड्यांआधीचे दहा रविवार: पेठेतल्या जपानी तयारी वर्गाचा अनुभव

दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरात मी तीन आठवडे जपानमध्ये ओकायामाला राहून आले. तिथल्या एका भाषाशाळेत रोज सकाळी चार तास वर्ग आणि राहायला एका आजींच्या घरी होमस्टे. जायच्या आधी सदाशिव पेठेतल्या एका घरगुती वर्गात दहा रविवार गेले, त्या वर्गाबद्दल लिहिते आहे. बाईंनी नाव-पत्ता कुठे देऊ नकोस असं सांगितलं आहे, म्हणून देत नाही. पुण्यात जपानी शिकणाऱ्या दोन-तीन जणांना विचारलंत तर कळेल. फी साडेसहा हजार, वेळ सकाळी नऊ ते साडेअकरा, मध्ये दहा मिनिटं चहा.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात सतरा वर्षं आहे. एन-४ (जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्यांतली खालून दुसरी) पास झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता जपानी पाहुण्यांशी बोलता येईल. वाचता येत होतं, कांजी, म्हणजे जपानीतली चित्राक्षरं, बऱ्यापैकी ओळखता येत होत्या, परीक्षेतला श्रवणाचा पेपरही सुटला होता. पण मीटिंगमध्ये समोरचा माणूस बोलायला लागला की पहिल्या चार शब्दांनंतर सगळं वाहून जायचं. तीन आठवड्यांसाठी एवढा खर्च करायचा, रजा घालवायची, लेकाला आईकडे ठेवायचं, आणि तिथे जाऊन नुसती मान हलवायची, ही धास्ती होती. म्हणून वर्ग लावला.

सेन्सेई, म्हणजे आमच्या शिक्षिका, पासष्टीच्या आहेत. आयुष्यभर कारखान्यांमध्ये दुभाषाचं काम केलंय. पहिल्याच रविवारी त्यांनी एक गोष्ट सांगितली, तीच या वर्गाचा पाया आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही काय बोलणार याची तयारी सगळे करतात. तुम्हाला काय विचारलं जाणार आहे, त्याची तयारी करायची." मग टेबलावर एक पुठ्ठ्याचा खोका ठेवला, त्याच्यामागे उभ्या राहिल्या आणि कोम्बिनीतल्या (रोजच्या वस्तूंच्या छोट्या दुकानातल्या) कॅशियर झाल्या. आम्ही रांगेत. हातात बिस्किटाचा पुडा. आणि त्या खऱ्या वेगात सुरू झाल्या: "पोइंतो कादो वा ओमोची देस का? आतातामेमास का? फुकुरो वा गोरियो देस का? ओहाशि वा ओत्सुके शिमास का?"

पॉइंट कार्ड आहे का, गरम करून देऊ का, पिशवी हवी का, चॉपस्टिक्स देऊ का. चारही वाक्यांतला एकेक शब्द मला येत होता. तरी मी खोक्यासमोर गप्प उभी होते. आमच्यातल्या एकालाही उत्तर देता आलं नाही, आणि सेन्सेई अजिबात हसल्या नाहीत. पुन्हा तेच, पुन्हा तेच, वीस मिनिटं. वर्गात झालेल्या प्रत्येक रविवारी सुरुवातीची वीस मिनिटं हेच चाललं, फक्त खोक्यामागचा माणूस बदलायचा. कधी पोस्टातला कारकून, कधी दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, कधी बसचा ड्रायव्हर. या वेळात मराठी बंद.

ओकायामा स्टेशनजवळच्या दुकानात पहिल्या संध्याकाळी मला हेच चार प्रश्न याच क्रमानं आले नाहीत, पण आले. पिशवीचा तर हमखास येतो, कारण २०२० च्या जुलैपासून तिथे प्लॅस्टिकच्या पिशवीचे पैसे लागतात आणि विचारल्याशिवाय ती देत नाहीत. मी "दाइजोबु देस" म्हटलं आणि बाहेर पडले. हा शब्द पुस्तकात "ठीक आहे" असा येतो. सेन्सेईंनी तो "राहू दे" असा शिकवला. आपण नाही का, वाढायला आलेल्या माणसाला "नको" असं तोंडावर न म्हणता "राहू दे" म्हणतो? अगदी तसाच. हे एक भाषांतर मला तीन आठवड्यांत बहुधा शंभर वेळा उपयोगी पडलं.

मराठीचा असा वापर ही या वर्गाची दुसरी मोठी जमेची बाजू. इंग्रजीतून जपानी शिकलं की कितीतरी गोष्टी उगाच अवघड होऊन बसतात, ते मला इथे पहिल्यांदा समजलं. "चि" आणि "त्सु" यांच्यावर मी दोन वर्षं अडखळले होते. सेन्सेई म्हणाल्या, "चिमणीतला च आणि चुलीतला च. दोन्ही तुमच्या तोंडात जन्मापासून आहेत." संपलं. घरातून निघताना जपानी माणूस "इत्ते किमास" म्हणतो, ते शब्दशः "जाऊन येते". घरातला म्हणतो "इत्तेराश्शाय", म्हणजे "जाऊन ये". आपल्याकडेही उंबऱ्यावर "जाते" म्हणत नाहीत. ओकायामाच्या आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मराठी वाक्य तीनदा म्हणवून घेतलं आणि त्या दिवसापासून रोज सकाळी दारात उभ्या राहून मला "जाऊन ये" म्हणायला लागल्या.

मराठी जिथे दगा देते तेही बाई दाखवतात. आपलं "पर्यंत" दोन कामं करतं. "पाचपर्यंत अभ्यास करते" आणि "पाचपर्यंत वही देते" यांत शब्द एकच. जपानीत पहिल्याला "मादे" आणि दुसऱ्याला "मादे नि". माझ्या परीक्षेच्या पुस्तकात हा नियम होता, मी तो पाठही केला होता, पण माझी चूक मराठीतून येते हे कुणी सांगितलं नव्हतं. होमस्टेमध्ये रात्री किती वाजेपर्यंत परत येणार हे रोज सांगावं लागतं, आणि तिथे "हाचिजि मादे नि" एकदाही चुकलं नाही.

आता त्या रविवारबद्दल, ज्याच्यासाठी मी अख्खी फी पुन्हा भरेन. विषय होता दुखणं. जपानीत दुखण्याचे प्रकार नादाच्या शब्दांनी सांगतात, आणि डॉक्टरही त्याच शब्दांत विचारतात. सेन्सेईंनी फळ्यावर दोन रकाने केले. ठसठस, ठणका: झुकिझुकि. टोचल्यासारखं: चिकुचिकु. चुरचुरणं, झोंबणं: हिरिहिरि. डोकं घणघणणं: गांगान. आमच्या वर्गात एक निवृत्त काका-काकू होते, त्यांचा मुलगा जपानमध्ये कावासाकी शहरात असतो. काकूंना या तासाला इतकी मजा आली की त्या आपल्या गुडघ्याचं, दातांचं, पित्ताचं सगळं जपानीत सांगत सुटल्या. मराठीत या शब्दांची वाण नाही, त्यामुळे प्रत्येकाला जोडी सापडत होती. इंग्रजीतून हा तास कसा घेता आला असता, मला कळत नाही.

तिसऱ्या आठवड्यात माझा कान दुखायला लागला. रात्रभर झोप नाही. सकाळी आजी मला जवळच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "झुकिझुकि शिमास का? चिकुचिकु देस का?" परक्या देशात, ठणकत्या कानानं बसलेलं असताना हा प्रश्न नेमका कळणं म्हणजे काय, ते शब्दांत सांगणं कठीण आहे. मला रडू आलं. मी "झुकिझुकि" म्हटलं आणि "काल रात्रीपासून" हे "किनो नो योरु कारा" असं नीट सांगितलं. औषध मिळालं, दोन दिवसांत उतार पडला. तिथला आरोग्यविमा नसल्यानं पूर्ण बिल रोख भरलं. प्रवासविमा काढूनच जा असं सेन्सेईंनी सांगितलं होतं, त्यामुळे पावत्या जपून आणल्या.

शाकाहाराचा तासही मनापासून घेतला होता. "निकु" म्हणजे मांस, पण "निकु नको" म्हटलं की मासे, माशाचा अर्क, कधी कधी हॅमसुद्धा त्यात धरत नाहीत. खरी अडचण "दाशि"ची, म्हणजे स्वयंपाकात घालायच्या अर्काच्या पाण्याची. सूप, सॉस, शिजवलेली भाजी, सगळ्यांत तो असतो, आणि बहुतेक वेळा तो वाळवलेल्या कात्सुओ माशाचा असतो. सेन्सेईंनी प्रत्येकाकडून स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लिहून घेतली: मांस, मासे, माशाची दाशि खात नाही, अंडं, दूध चालतं. छापील का नाही, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, "हातानं लिहिलेलं माणूस थांबून वाचतो." आणि तसंच झालं. शाळेजवळच्या उदोनच्या (जाड नूडल्सच्या) दुकानात मालकांनी चिठ्ठी वाचली, हातानं फुली करून माझ्यासाठी काहीच नाही असं सांगितलं, आणि मग आत जाऊन साधा भात, तोफू आणि मुळ्याचं लोणचं आणून दिली. घरी मात्र मेतकूट आणि भाजणी नेलीत तर बरं. ओला कढीपत्ता नेऊ नका, ताज्या वनस्पतींना तिथे आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

कागदपत्रांचा तास ठीक होता. ९० दिवसांच्या आतला छोटा कोर्स अल्प मुदतीच्या व्हिसावर करता येतो. शाळेचं पत्र, बँकेचे कागद आणि रोजचा कार्यक्रम लिहिलेलं वेळापत्रक लागतं. त्या वेळापत्रकाचा नमुना भरून घेतला, ते बरं केलं. बॅगांच्या बाबतीत सेन्सेईंनी शिंप्याची टेप आणली होती. शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर त्यासाठीची जागा आधी राखून ठेवावी लागते. माझी बॅग १७२ भरली. मी बहिणीची नेली.

तक्रारी आहेत, आणि त्या मी त्यांना तोंडावरही सांगितल्या.

सहा जणांचा वर्ग असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात आम्ही अकरा होतो. खोक्यासमोर प्रत्येकाला मिळायची ती दोन मिनिटं. एवढ्या चांगल्या पद्धतीचं यानं नुकसान होतं. दोन तास सेन्सेईंना बरं नसल्यामुळे ऑनलाइन झाले, तेव्हा तर आवाज एकमेकांत मिसळून काहीच हाती लागलं नाही.

दुसरी तक्रार गंभीर आहे. औषधांबद्दल वर्गात एक अक्षर सांगितलं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं साधारणपणे एका महिन्यापुरतीच परवान्याशिवाय नेता येतात, आणि १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं द्रव्य) असलेली औषधं नेता येतच नाहीत. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही मर्यादा आहे. आपण सर्दीच्या गोळ्या आणि खोकल्याची बाटली सहज पर्समध्ये टाकतो. मला हे निघायच्या चार दिवस आधी कंपनीतल्या एका सहकाऱ्याकडून कळलं. काका-काकू तर मुलाकडे तीन महिन्यांसाठी निघाले होते, आणि दोघांनाही रोजच्या गोळ्या आहेत. त्यांना मी त्याच रात्री फोन केला.

तिसरं, सगळा भर तोक्योच्या बोलीवर. पहिल्या थंड सकाळी आजी म्हणाल्या, "देरेऽ सामीऽ नाऽ." मी पुस्तकातलं सगळं आठवून पाहिलं, हाती काही लागेना. "सामुइ" म्हणजे थंडी, ते ओकायामात "सामीऽ" होतं. "देरेऽ" म्हणजे फार. "बोक्केऽ" आणि "मोंगेऽ"ही फारच. जिथे जाणार तिथले दहा शब्द प्रत्येकाला काढून द्यावेत, एवढं एका तासात सहज होण्यासारखं आहे. कोल्हापूरला राहायला जाणाऱ्याला नुसती छापील मराठी शिकवून कसं चालेल?

अगदी नवशिक्यांनी इथे जाऊ नये. हिरागाना-काताकाना या दोन जपानी लिप्या सफाईनं वाचता आल्या आणि एन-५ या सर्वांत खालच्या पातळीएवढं व्याकरण असलं तरच पैसे वसूल होतील. वर्गातली दोन कॉलेजची मुलं त्याआधीच आली होती, ती चौथ्या रविवारनंतर दिसली नाहीत.

शेवटचा रविवार सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात झाला. ही बाग ओकायामाच्या कोराकुएनवरून घडवलेली, दोन शहरांच्या मैत्रीची. अडीच तास आम्ही दिसेल ते जपानीत सांगत फिरलो: तळं, मासे, दगड, वळणाची वाट. पुलावर उभं राहून "हाशि" म्हणवून घेतलं. सूर चढता ठेवला की पूल, उतरता ठेवला की चॉपस्टिक. मी त्या दिवशी कंटाळले होते हे खरं, ऊन होतं आणि तीच ती वाक्यं. मग ओकायामात एका दुपारी कोराकुएनला एकटी गेले. १७०० साली पुरी झालेली ती बाग आपल्या बागेपेक्षा कितीतरी मोठी, मधोमध पसरलेलं गवत, पलीकडे काळा किल्ला. तळ्याशी एक आजोबा नातीला मासे दाखवत होते. मी तिला विचारलं, किती आहेत? ती मोजायला लागली, मीही तिच्याबरोबर मोजत गेले, आणि आजोबांनी विचारलं की तुम्ही कुठल्या. पुण्याच्या, म्हटलं, आमच्याकडेही अशीच बाग आहे. त्यांना ते माहीत नव्हतं. पुढचा अर्धा तास मी त्यांना सिंहगड रस्ता जपानीत सांगत होते, आणि ते विचारत होते, आणि मला त्यांचे प्रश्न कळत होते.

परत आल्यावर सेन्सेईंकडे गेले होते. औषधांचं पान मी लिहून दिलं आहे, ओकायामाचे दहा शब्दही. पुढची तुकडी फेब्रुवारीत सुरू होतेय आणि या वेळी सातच जण घेणार असं त्यांनी कबूल केलंय. नाव नोंदवताना तो आकडा एकदा विचारून घ्या.