ओहायो स्टेटविरुद्ध मिशिगन: पास की धाव?
अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधले हे कट्टर प्रतिस्पर्धी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी भिडतात. तो दिवस जवळ आला की आम्हा मिशिगनच्या चाहत्यांच्या पोटात गोळा येतो. आक्रमणाचं काय होणार? बॉल हवेतून फेकायचा, की छातीशी धरून धावायचं?

फेकण्याची ताकद 2022 मध्ये दिसली. जे. जे. मॅकार्थीने कॉर्नेलियस जॉन्सनला 69 आणि 75 यार्डांचे टचडाउन पास (बॉल थेट शेवटच्या रेषेपार नेऊन 6 गुण देणारे) दिले, ओहायो स्टेटच्या कोलंबसमध्ये 45-23 असा विजय मिळाला. पण त्यासाठी तसा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, लागतो. 2024 मध्ये तो नव्हता. डेव्हिस वॉरनचे पास जेमतेम 62 यार्डांचे, वर दोन इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी हवेतच पळवलेले पास.

तरी आपण 13-10 ने जिंकलो! केलेल मलिंग्जने 32 वेळा बॉल घेऊन गर्दीत मुसंडी मारली, 116 यार्ड काढले. शेवटी त्याच्याच 27 यार्डांच्या धावेने मैदान मोकळं झालं आणि 45 सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाने फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने बॉल खांबांमधून धाडून 3 गुण मिळवले. धावत राहिलं की घड्याळ पळतं, समोरचं तगडं आक्रमण बाकावर बसून राहतं. गुण मात्र तुटपुंजे मिळतात, म्हणून बचाव भक्कमच हवा.

क्वार्टरबॅक डळमळीत असेल तर मी डोळे झाकून धावण्याच्या बाजूने. तीन डाउन (पुढे सरकण्याचे प्रयत्न) वाया जाऊन पंट करावा लागला, म्हणजे बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना द्यावा लागला, तरी चालेल, आपल्याच बाजूच्या मैदानात इंटरसेप्शन नको.